साक्षीवरचं गवत

पत्र सोमवारी आलं आणि गुरुवारी मी गाडीत होतो. आमच्या कार्यालयाने इतक्या घाईने कधी कुणाला कुठे पाठवल्याचं मला तरी आठवत नाही.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची आहे. माझी मुलगी, जिने मला हा ब्लॉग काढून दिला, ती म्हणते की बाबा, लोकांना ताज्या सहली वाचायच्या असतात. असतील. पण गेल्या महिन्यात एका वाचकाने विचारलं, की धाराशिव जिल्ह्यात तुळजापूर सोडून बघण्यासारखं काय आहे. मी उत्तर द्यायला बसलो आणि ते इतकं लांबलं.

तेव्हा मी मुंबईतल्या एका कलासंस्थेत कार्यालयीन सहायक होतो. चित्रांतलं मला फार कळत नसे, फायलींतलं कळे. आणि स्वभाव पहिल्यापासून संशयी. माझी बायको सुमन म्हणते, "तुम्ही देवळात हात जोडता तेसुद्धा एक डोळा चपलांवर ठेवून." खोटं नाही. दोनदा गेल्यात माझ्या चपला.

त्या वर्षी संस्थेने कळंबकडच्या एका खेड्यातल्या चित्रकाराची सहा चित्रं निवडली होती. नाव लिंबराज. अमूर्त चित्रं, म्हणजे त्यात ना माणूस, ना झाड, ना बैल. गोणपाटावर काळा-तांबूस रंग, त्यात मोठाले चौकोन, आणि प्रत्येक चौकोनाच्या आत एक छोटा चौकोन. त्या छोट्या चौकोनाच्या वरच्या कडेपासून केसांसारख्या बारीक पांढऱ्या रेघा खाली उतरलेल्या. माहितीपत्रक लिहिणाऱ्या समीक्षकांनी ठरवून टाकलं होतं, की हा जवळच्या तेर गावातल्या प्राचीन देवळाच्या गाभाऱ्याचा आराखडा आणि त्या पांढऱ्या रेघा म्हणजे प्रकाशाच्या शलाका. मला त्या गोणपाटाच्या निघालेल्या दशा वाटल्या होत्या, पण मला कोण विचारतो.

तर पत्र. निनावी. शिरोरेघ पट्टीने आखल्यासारखी सरळ, आणि खाली अक्षरं टांगलेली. "सदर चित्रे ज्याच्या नावावर लागणार आहेत त्याची एकट्याची नाहीत. चित्रांचा दुसरा धनी गावातच आहे. संशय असल्यास समक्ष येऊन बघावे."

आमच्या संचालक बाईंनी मला बोलावलं. म्हणाल्या, "जा आणि बघून या. मला एकच सांगा, चित्रं लावायची की परत पाठवायची. तुमच्यासारख्या माणसाचा आज काहीतरी उपयोग होईल." एका माणसाचं पहिलं प्रदर्शन माझ्या हो-नाहीवर लटकलेलं होतं. मला वाईट वगैरे काही वाटलं नाही. खरं सांगायचं तर मजा वाटत होती.

निघण्याआधी मी फाईल उघडून लिंबराजची तीन जुनी पोस्टकार्डं काढली आणि अक्षर ताडून पाहिलं. कार्डावरचं अक्षर तिरपं, घाईचं, शाळेतल्यासारखं. पत्राशी अजिबात जुळत नव्हतं. म्हणजे पत्र दुसऱ्या कुणाचं. पत्र घडी करून मी आतल्या खिशात ठेवलं.

पहिला दिवस

तेव्हाचा रस्ता असा होता: मुंबईहून कुर्डुवाडी, तिथून बार्शीकडे जाणारी छोटी गाडी, येडशीला उतरून एसटीने येरमाळ्यावरून कळंब. ती छोटी गाडी आता नाही, रूळ रुंद झाले. तुम्ही आज गेलात तर इतका वेळ लागायचा नाही, पण रामलिंगच्या घाटातली ती चाल तुम्हाला मिळायचीही नाही. गाडी इतक्या सावकाश चढायची, की लोक उतरून चालत पुढे जातात की काय असं वाटे.

पावसाने त्या सालीही पाठ फिरवली होती. बहात्तरच्या मोठ्या दुष्काळाला दहाएक वर्षं झाली होती आणि लोक प्रत्येक कोरड्या वर्षाला त्याच्याशी ताडून बघायचे. "बहात्तरवानी न्हाय अजून," असं म्हणायचे, आणि मग आभाळाकडे बघायचे. खिडकीतून काळी रानं दिसत होती, भेगाळलेली, आणि मध्येच मुरमाचे तांबूस पट्टे. हे रंग मी कुठेतरी पाहिलेत असं सारखं वाटत होतं. मग लक्षात आलं, ते आमच्या गोदामात भिंतीला टेकवून ठेवले आहेत.

समोरच्या बाकावरच्या फेटेवाल्या म्हाताऱ्याने विचारलं, "कुठलं पावणं?"

"मुंबई."

"कशापायी आलाव?"

"सहज," मी म्हणालो.

त्याने मला चपलांपासून चष्म्यापर्यंत बघून घेतलं. "ह्या सालात हिकडं सहज कुनी येत न्हाय," म्हणाला आणि त्याने मांडीवरची पिशवी पलीकडच्या बाजूला सरकवली. माझ्यावर संशय घेणारा माणूस मला त्या दिवशी पहिल्यांदाच भेटला असेल. बरं वाटलं नाही.

कळंबला एसटी स्टँडजवळ एक लॉज होता. खोलीत मडकं होतं, पण मालकाने बजावलं, की पाणी पिण्यापुरतं आहे, अंघोळीचा विषय काढू नका. जेवायला ज्वारीची भाकरी, येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची, आमटी आणि शेंगदाण्याची चटणी. आमटीला जी चव होती ती मी नंतर कुठे खाल्ली नाही. दर ठरवून जेवलो तरी उठताना पुन्हा विचारून घेतलं. मालक हसला.

दुसरा दिवस

गाव कळंबपासून दोन कोसांवर. सकाळची एसटी फाट्यावर सोडते, पुढे चालत. नाव मुद्दाम सांगत नाही, का ते शेवटी कळेल.

लिंबराज सकाळी सहकारी दूध डेअरीवर भेटेल असं स्टँडवरच कळलं होतं. चित्रं काढून पोट भरत नाही हे त्यालाही माहीत होतं. तो तिथे दूध तपासायचं काम करी. रांगेत बायका-बाप्ये चरव्या घेऊन उभे. मी पोचलो आणि रांग एकदम मागे सरकली. दोघीजणी तर चरव्या घेऊन मागच्या मागे निघूनही गेल्या.

"तपासनीस सायब आलं," कुणीतरी म्हणालं.

मी चित्रकाराकडे आलोय असं सांगितल्यावर तर कुणाचाच विश्वास बसेना. डेअरीचे सेक्रेटरी, जाड भिंगांचा चष्मा घातलेले एक गृहस्थ, मला बाजूला घेऊन म्हणाले, "आमच्या दुधात पाणी न्हाय हो सायब. पाणी घालायला आधी पाणी तर पायजे."

मी त्यांनाच माझ्या यादीत पहिला नंबर दिला. लिंबराजचा विषय काढल्यावर ते म्हणाले होते, "माणूस चांगला हाय, पर चित्रापायी दूध तपासायच्या नळ्या फोडतो." हे बोलणं मला पत्र लिहिणाऱ्या माणसाचं वाटलं. त्यात त्यांच्या टेबलावर आखायची पट्टी होती.

लिंबराज तिशी ओलांडलेला, किडकिडीत, बोटांवर तपासणीच्या आम्लाचे डाग. मला बघून त्याला आश्चर्य वाटल्याचं दिसलं नाही. "आलात," एवढंच म्हणाला. जणू मी रोजच्या एसटीने येतो. कुठेतरी पाणी मुरतंय, हे मी तेव्हाच मनाशी नोंदवलं.

त्याची बाकीची चित्रं सोसायटीच्या रिकाम्या गोदामात होती. ठेवायला धान्य नव्हतं म्हणून गोदाम रिकामं, आणि रिकामं म्हणून त्याला वापरायला दिलेलं. बहात्तर साली परदेशातून लाल ज्वारी यायची, मिलो म्हणत तिला. त्या मिलोची पोती उसवून, जोडून, चुनखडीचा हात मारून तो त्यावर रंगवत असे. काळा रंग तेरखेड्याच्या फटाकेवाल्यांकडून आणलेल्या कोळशाचा, तांबडा मुरमाचा, पिवळा कुठल्याशा नाल्याच्या दरडीचा. खर्च काय तो डिंकाचा. हे तो मोकळेपणाने सांगत होता, म्हणून मी जास्तच सावध झालो.

"हे चौकोन कसले?" मी विचारलं.

"तुमच्या लोकांनी लिहिलंय की. गाभारा म्हणून."

"ते त्यांनी लिहिलंय. तुम्ही काय म्हणता?"

"मी म्हणतो, अजून दोन दिवस आहात ना," म्हणाला आणि कोळसा कुटायला बसला.

तेवढ्यात दारातून एक बाई आत आली. साठीच्या आतबाहेरची, हिरवं लुगडं खोचलेलं, हातात खुरपं. लिंबराज उठून उभा राहिला. तिने माझ्याकडे बघितलंही नाही. सरळ ओल्या चित्रासमोर गेली, कमरेवर हात ठेवून बराच वेळ उभी राहिली. मग खुरप्याचं टोक चित्रापासून वीतभर लांब धरून त्या मोठ्या चौकोनाकडे दाखवत म्हणाली, "उथळ हाय."

"कुठं, आक्का?"

"समदंच. हितं पहार गेलीच न्हाय."

आणि हा मनुष्य, ज्याची चित्रं मुंबईत लागायची होती, त्याने लगेच ब्रश घेतला आणि सबंध चौकोनावर काळा फिरवायला सुरुवात केली. बाई आली तशी निघून गेली.

"कोण या?" मी विचारलं.

"सोजरआक्का. दर आठवड्याला येतात."

मला दुसरा धनी सापडला होता. एका दिवसात. त्या संध्याकाळी कळंबला परत येताना मी बाईंना द्यायची ओळ मनात लिहूनही टाकली: चित्रं परत पाठवावीत.

तिसरा दिवस

लिंबराजने आग्रह धरला, की आलात तर तेर बघा. मला ते लक्ष दुसरीकडे वळवणं वाटलं, पण वाचकहो, तुम्ही खरंच जा. ढोकीवरून जवळ आहे. विटांचं ते जुनं देऊळ वरून पिंपासारखं गोलसर दिसतं, आणि गावाभोवतीच्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडांत पाऊस झाला की जुने मणी, खापराचे तुकडे उघडे पडतात. पाऊस नव्हता तरी एक लाल खापर लिंबराजच्या पायाशी सापडलं. त्याने ते उचललं, अंगठ्याने पुसलं, बराच वेळ उन्हात धरून रंग बघितला आणि होतं तिथेच परत ठेवलं. मी नीट बघितलं, खिशात नाही घातलं.

"इथं शहाणे लोक खोदायला आले होते," तो म्हणाला. "मी शाळेत होतो. सगळं खोदून मध्ये मातीची एक भिंत तशीच ठेवायचे. का, विचारलं. तर म्हणाले, आधी जमीन कुठवर होती ते सांगायला काहीतरी उभं राहिलं पाहिजे."

"बरं," मी म्हणालो. मला तेव्हा त्यात काही दिसलं नाही. येताना आम्ही कुंथलगिरीचा म्हणून विकला जाणारा पेढा घेतला. खवा चांगला भाजलेला होता, कुंथलगिरीचा होता की नाही देव जाणे.

दुपारी लिंबराज डेअरीवर गेल्यावर मी एकटाच सोजरबाईंच्या घरी पोचलो. छपराचं घर, बाहेर शेळी. मी तोंडाला येईल ते गोड बोलून बघितलं. मग सरळच विचारलं, "मावशी, चित्रं तुम्ही काढता का?"

त्या इतक्या हसल्या की शेळी उठून उभी राहिली. "मला वं कुठली चित्रं? बाबा, म्या त्याला फक्त मोजती."

"म्हणजे?"

"चला, दाखवती."

गावाच्या वर पाझर तलाव होता, बहात्तरच्या दुष्काळी कामात बांधलेला. पाणी नव्हतंच. तळ भेगाळलेला, आणि वरच्या कडेला, जिथून बांधासाठी माती काढली तिथे, चौकोनी खड्डे. मोठाले चौकोन, काळे, खाली तांबूस. मी जागच्या जागी थांबलो. ही आमच्या गोदामातली सहा चित्रं होती.

एका खड्ड्यात मधोमध मातीचा एक खुंट अजून उभा होता, माणसाच्या मांडीएवढा उंच, माथ्यावर वाळकं गवत.

"ह्याला आमी साक्ष म्हनायचो," सोजरबाई म्हणाल्या. "खड्डा खोदायचा, पर मधी येवढा खुंट तसाच ठिवायचा. मंग मुकादम ह्याच्या डोक्यापस्नं खालवर टेप लावनार. तेवढी खोली तुमची. साक्ष मोडली तर काम मोडलं."

"आणि कुणी खुंटावर वरून माती चढवली तर?"

त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदाच कौतुकाने बघितलं. "तुमी बी मुकादमच दिसताव. चढवायची की लोकं. पोटात काय न्हाय तर काय करत्याल? वर गवत बी लावायची, जुन्यावानी दिसावं म्हून."

मग त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत आठवेल तसं लिहितो.

"म्या आन् माझी जाऊ, दोन दीस खोदत हुतो. मुरूम लागला हुता, पहार टन्‌टन् वाजायची. लिंबराज मुकादम नवानवाच. आदल्या दिशी कुनीतरी माती चढवून त्याला फसवलं, आन् वरच्या सायबानं समद्यांम्होरं त्याला बोल लावला. दुसऱ्या दिशी आमच्या खड्ड्याव आला. साक्षीवरचं गवत बगितलं आन् म्हनला, हे लावलेलं हाय. म्या म्हनलं, बाबा, जमिनीचं हाय. न्हाय ऐकलं. लाथ घातली."

"मग?"

"मंग काय. डोकं तुटून खाली पडलं. त्या ढेकळातनं मुळं लोंबत हुती, पांढरी, ईतभर लांब. लावलेल्या गवताला अशी मुळं असत्यात व्हय? त्यानं बी बगितली. लई येळ बगत ऱ्हायला. पर आता टेप लावायला साक्षच न्हाय ऱ्हायली. दोन दिसांचं काम झालंच न्हाय, असं लिव्हलं."

मला त्या केसांसारख्या पांढऱ्या रेघा आठवल्या. प्रकाशाच्या शलाका म्हणे.

"तुम्ही त्याला काही बोलला नाहीत?"

"काय बोलायचं? चार वर्सं त्यो माझ्या वाटंनं जात नव्हता. मंग एक दीस पोत्यावर काय तरी खरडून घिऊन आला आन् अंगनात ठिवलं. म्हनला, आक्का, बगा. बगितलं तर माझाच खड्डा. म्हनलं, उथळ हाय. घिऊन गेला. परत आला. तवापस्नं चाललंय." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "तवा त्यानं मोजलं. आता म्या मोजती."

"एखादं तरी पास झालं का?"

"न्हाय अजून," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांत जे होतं त्याला मी राग म्हणणार नाही, पण माया म्हणायचीही माझी छाती नाही.

मी कळंबला परत आलो. जेवलो नाही. उगीच सांगायला कशाला लाजू, मला रडू आलं होतं. आणि तरीही एक गोष्ट सुटत नव्हती: मग पत्र लिहिलं कुणी? सेक्रेटरींना हे सगळं लिहायची काय पडली होती?

चौथा दिवस

सकाळी निरोप घ्यायला डेअरीवर गेलो. लिंबराज दुधाच्या नळ्या फिरवत होता. तो मोकळा होईपर्यंत मी भिंतीवरचा फलक वाचत उभा राहिलो. परवाही तो माझ्या डोक्यावर होता आणि मी त्याच्याखाली उभं राहून दुसऱ्यांवर नजर ठेवत होतो.

"दूध घालणाऱ्यांनी माप समोर उभे राहून बघावे. संशय असल्यास समक्ष बोलावे."

शिरोरेघ आधी आखलेली, दोरी मारून काढावी तशी सरळ, आणि मग खाली अक्षरं टांगलेली. फलक रंगवणारे असंच करतात, आधी रेघ, मग अक्षर. मी खिशातलं पत्र काढलं, वर धरलं. फलक कुणी रंगवला हे सेक्रेटरींना विचारायचीसुद्धा गरज नव्हती, खाली कोपऱ्यात लिहिलेलं होतं.

लिंबराजने मला पत्र धरलेलं बघितलं. हातातली नळी नीट ठेवली आणि बाहेर लिंबाखाली आला.

"तुम्हीच," मी म्हणालो.

"मीच."

"स्वतःच्याच विरुद्ध?"

"त्यात खोटं एक अक्षर असलं तर दाखवा."

मी पुन्हा वाचलं. एकट्याची नाहीत. दुसरा धनी गावातच आहे. समक्ष येऊन बघावे. एक अक्षर खोटं नव्हतं.

"पण असं कशाला? सरळ कळवायचं."

"तीन कार्डं टाकली. पोचली का?"

पोचली होती. मीच फायलीत लावली होती, "माहितीस्तव" असा शेरा मारून. पहिल्या दोन ओळी वाचल्या होत्या, तब्येत बरी आहे, चित्रं सुखरूप पोचली का वगैरे. आणि निघण्याआधी अक्षर ताडलं तेव्हाही फक्त अक्षरच बघितलं.

"तिन्हींत हेच लिहिलंय," लिंबराज म्हणाला. "चित्रात सोजरआक्कांचा वाटा आहे, त्यांचं नाव लागावं, आणि लावायच्या आधी कुणीतरी येऊन जागा बघून जावी. आमंत्रणाला कुणी आलं न्हाय. संशय लिहिला, तर आठव्या दिवशी माणूस हजर." तो हे रागाने बोलला नाही, तेच जास्त लागलं. "माझं चूक असंल. पण संशयाचं काय असतं ते मला ठाऊक हाय. तो लई लांबचं चालून येतो."

मी पत्राची घडी करून खिशात ठेवली. एसटीला अजून वेळ होता.

"निनावी पत्र चित्रकारानेच धाडलं हे कळलं, तर आमच्या बाई सहाही चित्रं परत पाठवतील," मी म्हणालो. "त्यांना असं वागणं चालत नाही."

"पाठवू द्या. पर आक्काचं नाव न लावता लावणार असाल, तर मीच परत मागतो." असं म्हणाला खरा, पण डागाळलेल्या बोटांनी तो लिंबाची साल सोलत होता. पाच-सहा वर्षांचं काम होतं ते. "तुम्ही काय बघितलं ते लिहा. जास्त काय न्हाय."

घरी

परतीच्या प्रवासाचं सांगण्यासारखं काही नाही. छोट्या गाडीत पुन्हा कुणीतरी विचारलं, कशापायी आला होता. मी सगळं सांगत बसलो, येडशीपासून बार्शीपर्यंत. त्याचाही विश्वास बसला नसावा.

बाईंना मी तोंडी एक ओळ सांगितली, चित्रं लावायची. लेखी अहवालात लिहिलं, की पत्रातलं म्हणणं खरं आहे, चित्रांना दुसरा धनी आहे, आणि चित्रकार स्वतःच ते तीन वेळा कळवून चुकला आहे, कार्डं कार्यालयाच्या हलगर्जीपणामुळे वाचली गेली नाहीत. हलगर्जीपणा कुणाचा तेही लिहिलं. बाईंनी चष्म्यावरून बघितलं.

"आणि पत्र लिहिणारा?"

"सापडला नाही."

नोकरीतलं माझं ते पहिलं खोटं. त्याआधी मी दुसऱ्यांचीच पकडली होती.

प्रदर्शन झालं. चित्रांखालच्या चिठ्ठ्या लिंबराजने स्वतः गावाहून रंगवून पाठवल्या, आधी रेघ, मग अक्षर. पार्सल उघडलं आणि मी आधी खोलीचं दार लोटून घेतलं. बाईंनी त्या चिठ्ठ्या आणि ते निनावी पत्र शेजारी शेजारी ठेवलं असतं तर दोन मिनिटांत सगळं उघड झालं असतं. म्हणून त्याच दुपारी मी पत्र फायलीतून काढून घेतलं. सहाही चिठ्ठ्यांवर एकच मजकूर होता: "चित्र: लिंबराज. माप: सोजरबाई, चालू आहे." प्रेक्षकांना त्यात काही कळत नव्हतं. समीक्षक म्हणाले, फार सूचक आहे.

गावाचं नाव का सांगत नाही, ते आता कळलं असेल. दोघंही आता नाहीत, पण त्यांची माणसं आहेत, आणि मला कुणाच्या अंगणात कॅमेरे नकोत. तुम्हाला जायचंच असेल तर कळंब धरा, फाट्याफाट्याला उतरा, जुने पाझर तलाव विचारा. कोरड्या वर्षी जा. पाणी बरोबर ठेवा, टोपी घाला, आणि येसराची आमटी कुणी वाढली तर नाही म्हणू नका.

काय उरलं म्हणाल, तर स्वभाव काही गेला नाही. अजून देवळात चपलांकडे बघतो. पण कुणावर संशय आला, की हात पुढे करण्याआधी मला त्या ढेकळातली पांढरी मुळं दिसतात, आणि मी जरा थांबतो. सुमन म्हणते, हे जरा लग्नाआधी झालं असतं तर तिचं आयुष्य सोपं गेलं असतं.

पत्र माझ्या कपाटात आहे, घडीवर विरत चाललंय. संस्थेच्या फायलीत त्या जागी काही नाही. सोजरबाईंनी शेवटी एखादं चित्र पास केलं का, असं मला पुष्कळ जण विचारतात. एक केलं म्हणतात, शेवटचं, आणि लिंबराजने ते कुठे लावलं नाही, विकलं नाही. तलावाच्या वरच्या कडेला, त्या साक्ष मोडलेल्या खड्ड्यात, मधोमध पुरलं. मी ते बघितलेलं नाही. मला नुसतं ऐकलेलं खरं वाटत नाही, पण या वेळी मी चौकशीला गेलो नाही. तुम्हाला संशय असेल, तर समक्ष जाऊन बघा. फक्त लाथ घालू नका.